सावलीच्या ओसरीत कुंड्या ठेवताय? या चुका टाळा

लातूरच्या घराला पोर्च झाला त्या वर्षी मी सात कुंड्या आणल्या आणि दिवाळीपर्यंत त्यातल्या पाच गेल्या. कुंड्या उपड्या केल्या तर तळाशी चिखल, काळ्या पडलेल्या मुळ्या आणि कुबट वास. टँकरची वाट बघणाऱ्या गावात झाडं पाण्याने सडावीत, याचं फार वाईट वाटलं. तेव्हापासून ओळखीच्यांच्या ओसरीतली, पोर्चमधली झाडं बघत आलेय. बहुतेक ठिकाणी दुखणं हेच निघतं.

सुरुवात मातीपासून होते. आपली काळी माती कापसाला, तुरीला सोन्यासारखी, पण कुंडीत ती त्रास देते. ओली झाली की फुगून चिकट होते आणि मुळांना हवा मिळत नाही. वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली उतरतं, भोकातून बाहेर येतं, आणि झाड भिजलं असं आपल्याला वाटतं. मधला गोळा मात्र कोरडाच. म्हणून निव्वळ काळी माती भरू नका. एक भाग माती, एक भाग विटांचा जाडसर चुरा, एक भाग गांडूळखत असं मिसळा. स्नेक प्लांटसाठी चुरा जास्त घ्या. बारीक वाळू नको, तिने ही माती आणखी घट्ट बसते. तळाशी खड्यांचा जाड थर घालायची पद्धतही सोडा. पाणी त्या थराच्या वरच अडून राहतं, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. भोकावर खापराचा एक तुकडा पुरतो.

आता पाणी. बाहेर पारा ४२ वर गेला की आपला जीव राहवत नाही, रोज सकाळी सगळ्या कुंड्यांवर पाइप फिरतो. पण सावलीतली कुंडी सावकाश वाळते. झेडझेड प्लांट या शोभेच्या रोपाच्या मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात, त्यात तो पाणी साठवतो. स्नेक प्लांट जाड पानांत साठवतो. माझ्याकडे या दोघांना भर उन्हाळ्यात ८-१० दिवसांनी पाणी मिळतं, श्रावणात तीन-तीन आठवडे काहीच नाही. मनीप्लांट, सिंगोनियम थोडं लवकर मागतात. वार ठरवून पाणी घालण्यापेक्षा झाडूची काडी मातीत खोल खुपसून बघा. ओली माती चिकटून आली तर थांबा.

सगळ्यात फसवणारी गोष्ट म्हणजे झाड जास्त पाण्यानेही मलूल होतं आणि कमी पाण्यानेही. खालची पानं पिवळी, मऊ आणि माती ओली, तर पाणी बंद. कुंडी उचलायला हलकी आणि पानं कुरकुरीत, तर ते तहानलंय.

पानांची टोकं करपली, मातीवर पांढरी साय धरली, तर ते बोअरच्या पाण्यातले क्षार. आपल्याकडे पाणी वाया जाऊ नये म्हणून पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनमधून (आरओ) टाकाऊ म्हणून बाहेर पडणारं पाणी कुंडीत ओततात. भावना चांगली, पण त्या पाण्यात क्षार मूळच्या पाण्याहून जास्त असतात. त्याने अंगण धुवा, फरशी पुसा. कुंडीला एसीचं पाणी चालतं, पावसाचं तर उत्तमच.

सावलीही वर्षभर सारखी नसते. उत्तरेकडे तोंड असलेला पोर्च हिवाळ्यात पूर्ण सावलीत असतो, पण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळचं ऊन आत शिरतं. अग्लोनिमा तेव्हाच करपतो. पश्चिमेचा पोर्च तर एप्रिलमध्ये तीननंतर भट्टी होतो. तिथे कुंड्या भिंतीलगत सरकवा.

निवड करताना कोकणातल्या घरांचे फोटो बघून फर्न, कॅलेथिया आणू नका. त्यांना दमट हवा लागते, आपल्या उन्हाळी वाऱ्यात ती टिकत नाहीत. पीस लिली जगते, पण सारखं पाणी मागते. मोगरा, जास्वंद सावलीत फुलत नाहीत आणि तुळशीची जागा उन्हातल्या वृंदावनातच.

घरात रांगतं मूल असेल तर मनीप्लांट, अग्लोनिमा, डिफेनबेकिया उंचावर ठेवा. पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते.

कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी मुळं सडवतं, शिवाय त्यात डेंग्यूचे डास होतात. ताटली आठवड्यातून एकदा उपडी करा आणि घासणीने कडा घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.