बायोफिल्मच्या प्रोजेक्टात या चुका टाळा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचा हंगाम आला की कोल्हापुरातल्या मायक्रोबायोलॉजीच्या मुलांचे नमुने ठरलेले असतात: दूध संस्थेचा कॅन, गुऱ्हाळातला रस, रंकाळ्याच्या पायऱ्यांवरचा बुळबुळीत थर. नमुने चांगलेच आहेत, घोटाळा पुढे होतो. जिवाणू आपल्या पेशीभित्तिकेतल्या आणि बायोफिल्ममधल्या (पृष्ठभागाला चिकटलेल्या त्यांच्या थरातल्या) साखरांवर कुठे ॲसिटिल गट (ॲसिटिक आम्लापासूनचा छोटा तुकडा) चढवतात, कुठे उतरवतात, कुठे अमिनो आम्ल जोडतात. यातले बरेच जोड एस्टर बंधाचे असतात, आणि एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल गट यांच्यातला बंध) अल्कलीत, म्हणजे सोड्यासारख्या द्रावणात, टिकत नाही. आपल्याकडच्या निम्म्या पद्धती मात्र अल्कलीवरच चालतात.

आधी सोडा, मग शोध

कॅनच्या झाकणातली रबरी रिंग उचकटली की खाली पिवळट, चिकट थर सापडतो. तो खरवडायचा, पण कॅन धुण्याच्या आधी. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा फिरल्यावर घेतलेल्या थरात ॲसिटिल कमी दिसलं, तर तो जिवाणूचा गुण की सोड्याचा, हे सांगता येत नाही.

हीच चूक प्रयोगशाळेतही होते. बायोफिल्ममधली साखर सोडियम हायड्रॉक्साइडने (कॉस्टिक सोड्याने; पुढे ‘सोडा’ म्हणजे हाच) काढतात आणि मग ‘ॲसिटिल आढळले नाही’ असं लिहून मोकळे होतात. डाग कशाचा ते बघायचंय आणि साडी आधी भट्टीला दिली, त्यातला प्रकार! स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूच्या अल्जिनेटवर (साखरांच्या लांब साखळीवर) ॲसिटिल असतं, समुद्री शेवाळाच्या अल्जिनेटवर नसतं. सोड्यातून काढल्यावर हा फरकच पुसला जातो. टायकॉइक आम्लावरचं (ग्राम-पॉझिटिव्ह भिंतीतल्या लांब रेणूवरचं) डी-ॲलॅनिन हे अमिनो आम्ल तर आणखी नाजूक. पीएच ८ च्या ट्रिस बफरमध्ये ३७ अंशांना ठेवलं तरी ते गळत जातं. म्हणून बफर पीएच ६ च्या आसपासचा घ्या आणि काम थंडीत करा.

सोडा वापरायचाच तर मुद्दाम वापरा. नमुन्याचे दोन भाग करा, एकालाच सोडा द्या आणि दोन्हींची हायड्रॉक्सिलअमाइन-फेरिक क्लोराइड रंगचाचणी करा. एफटीआयआरची (इन्फ्रारेड वर्णपट काढण्याची) सोय असेल तर १७३० सेमी⁻¹ च्या आसपासचा एस्टरचा पीक बघा. सोडा दिलेल्या भागात तो गेला तर पुरावा मिळाला. फक्त ही रंगचाचणी कुठलाही एस्टर पकडते, हे निष्कर्ष लिहिताना ध्यानात असू द्या.

लायसोझाइमला दाद दिली नाही, म्हणजे ॲसिटिल चढलंय?

घाई नको. लायसोझाइम हे जिवाणूची भिंत कापणारं एन्झाइम. स्टॅफिलोकॉकस ऑरियस ओएटीए या एन्झाइमने म्युरामिक आम्लावर ॲसिटिल चढवतो आणि लायसोझाइमला भिंत कापता येत नाही, हे खरं. पण दुधात हमखास भेटणारा बॅसिलस सिरियस उलटं करतो: ग्लुकोसअमाइनच्या नायट्रोजनवर मुळात असलेलं ॲसिटिल तो काढून टाकतो. परिणाम एकच, लायसोझाइम हरतं.

दोघांना वेगळं करायला शुद्ध केलेली भिंत घ्या, जिवंत पेशी नकोत. सौम्य सोडा द्या, धुऊन पीएच जागेवर आणा, मग लायसोझाइम घालून गढूळपणा उतरतो का पाहा. उतरला तर ऑक्सिजनवरच्या ॲसिटिलचा संशय पक्का होतो. ढिम्म राहिला तर दुसरा भाग ॲसिटिक अनहायड्राइडने पुन्हा ॲसिटिलयुक्त करून पाहा. सिरियसची भिंत मग कापली जाते. शेजारच्या नळीत मायक्रोकॉकस लुटियस (याची भिंत लायसोझाइम सहज कापतं) ठेवाच, नाहीतर लायसोझाइमची बाटलीच मेलेली असायची आणि दोष जिवाणूला लागायचा. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूत बाहेरचं पटल आड येतं, तिथे ते पटल सैल करायला ईडीटीए लागतं.

रंग बघून साखर मोजू नका

क्रिस्टल व्हायोलेट हा रंग पेशींनाही चढतो, मॅट्रिक्सलाही (पेशींभोवतीच्या चिकट पदार्थालाही). तो गडद झाला म्हणजे साखर वाढली असं नव्हे. फिनॉल-सल्फ्युरिक आम्ल पद्धत अमिनो साखरांना जेमतेम रंग देते, त्यामुळे स्टॅफिलोकॉकसची पीएनएजी (बायोफिल्ममधली अमिनो साखरेची साखळी) तिच्यातून निसटते. शिवाय वरचं द्रव फेकून देऊ नका: स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसमध्ये ॲसिटिल उतरवणारं आयसीएबी हे एन्झाइम नसेल तर ही साखर पेशीला धरून राहत नाही, माध्यमात जाते.

गुऱ्हाळाच्या रसातला चिकट थर बहुधा ल्युकोनोस्टॉकच्या डेक्स्ट्रानचा. ती साधी ग्लुकोजची साखळी आहे, तिच्यावर ॲसिटिल शोधण्यात सेमिस्टर घालवू नका. ती मोजायची असेल तरी आधी डायलिसिस करा (लहान रेणू पटलातून बाहेर काढा), नाहीतर आकडा उसाच्या साखरेचाच येईल.

ई. कोलायच्या सेल्युलोजवर फॉस्फोइथेनॉलअमाइन (आणखी एक जोडलेला गट) असतं, हे २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या लिनेट सेगेल्स्की यांच्या गटाने घन-अवस्था एनएमआरने (नमुना न विरघळवता तपासणाऱ्या तंत्राने) दाखवलं. त्याआधी तीव्र आम्लात विरघळवून तपासताना ते हातचं जात होतं. हे करायचं तर प्रयोगशाळेतली नेहमीची के-१२ जात घेऊ नका, तिला सेल्युलोज करताच येत नाही. काँगो रेडची (सेल्युलोजला धरणाऱ्या लाल रंगाची) प्लेट बिनमिठाच्या माध्यमावर २६ ते २८ अंशांना ठेवा. ३७ च्या इन्क्युबेटरमध्ये बऱ्याच जाती फिकट, गुळगुळीतच राहतात. एप्रिलमध्ये टेबलावर ठेवून भागणार नाही, कूलिंग इन्क्युबेटर आधीच बुक करा. आणि लाल वसाहत आली तरी थांबा: काँगो रेड कर्लीलाही (ई. कोलायच्या प्रथिनतंतूंनाही) धरतो.