चवथीलाही सत्तर अंश : आयएसओ घेताना या चुका टाळा

काजूगर वाळवायच्या बोरम्याचा तापमान-तक्ता टेबलावर पसरला होता. तासातासाची नोंद, आणि प्रत्येक चौकटीत ७०. कुठे ६९ नाही, कुठे ७१ नाही. शाई एक, अक्षर एक. चवथीच्या दिवशी कारखान्याला कुलूप होतं, कामगार आपापल्या गावी गणपतीपुढे, माटोळीखाली बसून आरत्या म्हणत होते. तरी दुपारी दोन वाजता बोरमा ७० अंशांवर! खाली ‘तपासले’ म्हणून सही होती. ती माझी.

बाहेरून आलेले ऑडिटर काही बोलले नाहीत. त्यांनी ते पान बघितलं, मग भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्या दिवसापासून मी डोळे झाकून सही करणं सोडलं.

त्यानंतर गोव्यातल्या कुंडई, डिचोली, वेर्णेच्या औद्योगिक वसाहतींत बऱ्याच युनिटांची अंतर्गत ऑडिटं केली. आयएसओ म्हणजे कामाची पद्धत आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे असल्याचं प्रमाणपत्र. त्याबद्दल मालकांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘आयएसओ घेतलं, पैसे भरले, फायदा काय झाला?’ प्रश्न रास्त आहे. फायदा असतो: माल कमी परत येतो, निर्यातीचं गिऱ्हाईक दारात उभं राहतं, टेंडरमध्ये नाव पहिल्याच चाळणीत गळत नाही. पण कागदाचा संसार एका घरात आणि कामाचा दुसऱ्या घरात असेल, तर हा फायदा पोचत नाही. पुढच्या बहुतेक चुका त्या दोन घरांच्या आहेत.

स्वस्तातलं प्रमाणपत्र

‘सात दिवसांत आयएसओ’ असे मेसेज सगळ्यांच्याच मोबाइलवर येतात. जिनिव्हात मुख्यालय असलेली आयएसओ ही १९४७ पासूनची संस्था फक्त मानकं लिहिते. ती कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम प्रमाणन संस्थांचं, आणि त्या संस्था नीट काम करतात की नाही हे मान्यता देणारी संस्था बघते. भारतात हे काम क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या एनएबीसीबीकडे आहे. प्रमाणपत्रावर अशा मान्यतेचं चिन्ह नसेल तर परदेशी खरेदीदार तो कागद बाजूला ठेवतो. ‘आयएएफ सर्टसर्च’ या प्रमाणपत्रांच्या ऑनलाइन यादीत आपलं नाव सापडतं का, हे पैसे भरल्यावर नव्हे, आधी बघायचं: ज्या संस्थेला काम देणार, तिच्या जुन्या गिऱ्हाइकांची नावं तिथे शोधायची.

दुसरी खूण: तीच संस्था ‘सिस्टीम पण आम्हीच बसवून देतो’ म्हणाली, तर तिथून उठा. प्रमाणन संस्थेला सिस्टीम बसवण्याचा सल्ला देण्याचा धंदा करताच येत नाही. नियमच तसा आहे, आणि कारण शेंबड्या पोरालाही कळेल.

अगदी लहान युनिट असेल तर माझं मत असं, की आधी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या झेड (‘झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट’) योजनेतलं ब्राँझ पातळीचं प्रमाणपत्र घ्यावं. शिस्त कळते, खर्चावर सवलत मिळते. आयएसओ कुठे पळून जात नाही.

दुसऱ्याचं मॅन्युअल

एका काजू युनिटच्या फाईलमध्ये मी ‘फर्नेसमधून काढलेला जॉब थंड होऊ द्यावा’ असं वाचलं आहे. सल्लागाराने फाउंड्रीचं, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याचं, मॅन्युअल उचललं होतं, नाव तेवढं बदललं होतं. मालकाने पान उघडलंच नव्हतं.

आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीपासून क्वालिटी मॅन्युअलची सक्तीच उरलेली नाही, ‘मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह’ नावाच्या पदाचीही नाही. तरी आपल्याकडे दोनशे पानी मॅन्युअल छापून काचेच्या कपाटात ठेवतात, देवघरातल्या पोथीसारखं. चाळीस माणसांच्या युनिटला इतकी पानं लागत नाहीत. काम कसं होतं ते कामाच्या जागी उभं राहून लिहा. पंधरा पानांत मावलं तर पंधरा.

आणि कुणाच्या भाषेत लिहिता तेही बघा. गोव्यातल्या वसाहतींत पॅकिंगवर मराठी-कोंकणी बोलणाऱ्या बायका, बोरम्यावर कानडी माणूस, लोडिंगला ओडिशाची पोरं असं चित्र सर्रास दिसतं. भिंतीवर मात्र इंग्रजीतली लॅमिनेट केलेली सूचना! दोन फोटो लावा, एक बरोबरचा, एक चुकीचा, खाली दोन ओळी. पुरतं.

तक्ता खोटा का होतो

आता त्या सत्तर अंशांकडे परत येतो, कारण यात मला स्वतःला सर्वांत जास्त शिकायला मिळालं.

ऑडिटनंतर मी बोरम्यावरच्या माणसाला विचारलं, ‘बाब, खरं सांग, आकडा बघून लिहितोस?’ तो म्हणाला, ‘साहेब, एकदा ६७ लिहिलं तर पात्रांवनी (मालकांनी) सगळ्यांसमोर झापलं. तेव्हापासून सत्तर लिहितो.’ शिवाय डायल बोरम्याच्या मागच्या बाजूला, तक्ता ऑफिसात, आणि मधे सगळं अंगण. पावसात छत्री घेऊन तासातासाला कोण फेऱ्या मारणार?

म्हणजे खोटेपणा त्याच्यात नव्हता. तो आम्हीच शिकवला होता. आम्ही एकच आकडा लिहिला होता, मर्यादा लिहिल्या नव्हत्या. आकडा मर्यादेबाहेर गेला तर काय करायचं तेही सांगितलं नव्हतं. खरं लिहिण्याचं बक्षीस म्हणून बोलणी मिळत होती.

केलं ते साधं. तक्ता बोरम्याशेजारी टांगला, सुतळीने पेन बांधलं, डायल समोर आणला. ‘६५ ते ७५ चालेल, बाहेर गेलं तर सुपरवायझरला हाक मार आणि लिही’ एवढीच सूचना. मालकांना म्हटलं, पहिला महिना कुणी आकड्यावरून ओरडायचं नाही. पहिल्याच आठवड्यात रात्रीच्या पाळीत पहाटे तीनला ५८ उमटलं. दुसऱ्या रात्रीही तसंच. आग राखणारा एकटाच, त्याचा डोळा लागायचा. सकाळी त्याच घाण्यातल्या गरांची साल नीट सुटायची नाही, बायका सुरीने खरवडायच्या आणि गर फुटायचा. अख्ख्या ‘डब्ल्यू ३२०’ प्रतीच्या गराला जो भाव, तो तुकड्याला मिळत नाही, हे काजूवाल्याला सांगायला नको. वर्षानुवर्षं आम्ही तुकड्यांचा दोष फोडणाऱ्या बायकांच्या हातावर घालत होतो.

तुमच्या तक्त्यांची परीक्षा घ्यायची एक सोपी युक्ती: वीज गेल्याचा दिवस, सुट्टीचा दिवस, मशीन बंद पडल्याचा दिवस काढा आणि त्या दिवशीचे आकडे बघा. सगळं सुरळीत दिसलं तर ऑडिटरच्या आधी तुम्हीच चपापायला हवं.

‘कामगाराचा निष्काळजीपणा’

तक्रार आली की कारणाच्या रकान्यात हे दोन शब्द, उपायाच्या रकान्यात ‘प्रशिक्षण दिले’. असे फॉर्म मी इतके पाहिलेत की छापूनच का घेत नाहीत असं वाटतं. सांडलेलं पाणी पुसणं ही दुरुस्ती. गळका नळ शोधून बदलणं ही सुधारात्मक कृती. मानकाच्या १०.२ कलमात दोन्ही वेगळ्या आहेत. आपण पुसतो आणि नळ बदलल्याचं लिहितो.

एका जुलैत माल परत आला, गरात ओल ५ टक्क्यांच्या वर. ठरल्याप्रमाणे पॅकिंगवाल्यांना ‘प्रशिक्षण’ दिलं. पुढच्या जुलैत तेच. तेव्हा कुठे आम्ही घड्याळ घेऊन एका घाण्याच्या मागे फिरलो. बोरम्यातून बाहेर पडताना ओल ठीक. साल काढताना ठीक. मग एकची शिटी होते, सगळे जेवायला जातात, परतायला अडीच वाजतात. तेवढा वेळ प्रतवारीच्या टेबलावर गर उघडे, खिडक्या उघड्या, आणि बाहेर गोव्याचा आषाढ. भिंतीला बुरशी धरते अशा हवेत कोरडा गर काय करणार? ओल ओढून घेणार.

उपाय खर्चिक नव्हता: झाकणाचे डबे, जेवणाच्या सुट्टीआधी गर डब्यात, आणि डबा सील करायच्या आधी ओलीची एक चाचणी. मुद्दा असा, की पहिल्या वर्षीच ‘का?’ दोन-तीनदा विचारलं असतं तर एक पावसाळा वाचला असता. ‘माणूस चुकला’ इथे चौकशी थांबवू नका. माणसाला चुकायला कशाने लावलं, ते पुढचं पाऊल.

याला जोडूनच सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये या सगळ्या व्यवस्थापन मानकांत एक छोटी भर पडली: हवामान बदल आपल्या कामाशी संबंधित आहे का, हे संस्थेने ठरवायचं. बऱ्याच फाइलींत याला उत्तर ‘लागू नाही’. काजूचा मोहोर अवकाळी पावसाने जळतो, कच्च्या बियांचा भाव वर-खाली होतो, पावसाळ्यात ओलीशी झगडा, आणि यांना लागू नाही!

काट्यावरचे २० ग्रॅम

वजनकाट्याचं कॅलिब्रेशन (अचूकता-तपासणी) सर्टिफिकेट फाईलला लावलेलं असतं. वाचलेलं नसतं. एका ठिकाणी त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की १० किलोला काटा २० ग्रॅम कमी दाखवतो. म्हणजे काट्यावर दहा भरेपर्यंत डब्यात २० ग्रॅम जास्त पडत होते. शंभर डब्यांमागे दोन किलो गर फुकट! मालकांनी सर्टिफिकेटचे पैसे भरले होते, पण त्यातल्या बातमीचे वाचवले नाहीत.

वजनमापे खात्याचा शिक्का आणि कॅलिब्रेशन यांत गल्लत करू नका. शिक्का कायद्यासाठी हवाच. पण नेमकी चूक किती, हे एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या कागदावर आकड्यात मिळतं. कागद आला की त्यावर लाल पेनने ‘चालेल’ किंवा ‘नाही’ लिहून तारीख टाका. तसंच परवान्यांचं: अन्नसुरक्षेचं आयएसओ २२००० आहे म्हणून एफएसएसएआयचा अन्नपरवाना सुटत नाही, आणि पर्यावरणाचं १४००१ लटकवून प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती मुदतबाह्य ठेवता येत नाही. मुदतीच्या तारखा एका कागदावर, मालकांच्या टेबलावर.

तीन मानकं, तीन संसार

९००१ (गुणवत्ता), १४००१ (पर्यावरण) आणि २०१८ मध्ये आलेलं ४५००१ (कामगारांची सुरक्षा) यांचा सांगाडा एकच आहे, दहा कलमांचा. तरी तीन सल्लागार, तीन प्रशिक्षण-रजिस्टरं, तीन अंतर्गत ऑडिटं. एकत्र करा. बोरम्यापाशी उभं राहिलं की गुणवत्ता, धूर आणि भाजण्याचा धोका एकाच जागी दिसतात.

अंतर्गत ऑडिट बाहेरच्या ऑडिटच्या आदल्या आठवड्यात करणं, स्टोअरवाल्याने स्टोअरचंच करणं, मॅनेजमेंट रिव्ह्यूचा वृत्तांत बैठकीशिवाय लिहिणं, यावर वेगळं काय लिहायचं? करू नका.

नॉन-कॉन्फॉर्मिटी (त्रुटी) आली तर

घाबरून ऑडिटरशी वाद घालणारे पाहिलेत, आणि शहाळं-जेवणाच्या आदरातिथ्यात त्यांना बुडवणारेही. दोन्ही वाया. ‘मायनर’ म्हणजे एखादी गाठ सुटली, ‘मेजर’ म्हणजे त्या भागातली व्यवस्थाच उभी नाही. आधी त्रुटीचं वाक्य पुन्हा वाचा: कुठलं कलम, काय पुरावा. पुरावा चुकीचा असेल तर शेवटच्या बैठकीतच, कागद दाखवून सांगा. नंतर फोनवर नाही. बरोबर असेल तर प्रमाणन संस्थेने दिलेल्या मुदतीत कारण शोधून, केलेल्या कामाचा पुरावा पाठवा, आश्वासनांचा नव्हे. पहिल्या प्रमाणपत्राच्या वेळी ऑडिट दोन टप्प्यांत होतं; त्यातल्या दुसऱ्या टप्प्यातली मेजर त्रुटी दूर झाल्याची खात्री संस्थेला सहा महिन्यांत करता आली नाही, तर तो टप्पा पुन्हा करावा लागतो, अर्थातच फी भरून.

प्रमाणपत्र मिळाल्यावर डब्यावर आयएसओचा लोगो छापायची घाई नको. ९००१ हे व्यवस्थेचं प्रमाणपत्र आहे, काजूचं नाही. आयएसओचा लोगो तुम्हाला वापरताच येत नाही, आणि प्रमाणन संस्थेचं चिन्ह मालावर चालत नाही. लेटरहेडवर कसं वापरायचं याचे त्यांचे नियम आहेत, ते मागून घ्या.

प्रमाणपत्र तीन वर्षांचं, पण मधे दरवर्षी सर्व्हेलन्स (देखरेखीचं) ऑडिट असतं आणि पहिलं वर्षाच्या आत. त्याची तारीख ठरवताना लोक हिवाळ्यातला निवांत आठवडा मागतात. चवथीचा आठवडा टाळा, तेव्हा कारखान्यात कुणी नसतं. मी हल्ली जुलै मागतो. खिडकीबाहेर पाऊस कोसळत असतो, गर ओल धरू बघत असतो, रात्री वीज दोनदा जाते. बोरम्याचा तक्ता त्या आठवड्यात ६२, ७१, ६८, ७४ असा वेडावाकडा असतो, आणि ६२ च्या पुढे बारीक अक्षरात ‘सुपरवायझरला हाक मारली, ३.१०’.