गव्हाची पेर धरण्याआधी विहिरीत दोरी सोडा

परतीचा पाऊस उघडला की विहीर तोंडापर्यंत दिसते आणि माणूस फसतो. मीही फसलोय. कोजागिरीला हात बुडेल इतकं पाणी बघून दोन एकर गहू केला, आणि ओंब्या भरायच्या वेळेला मोटर हवा ओढायला लागली. गहू उभा होता, पण दाणा चिमला. म्हणून हा सल्ला बियाणं घ्यायच्या आधी वाचा, नंतर उपयोग नाही.

जगातल्या गोड्या पाण्याचा हिशेब संगणकावर मांडणारी प्रारूपं आहेत. जर्मनीतलं ‘वॉटरगॅप’ त्यातलंच एक. पृथ्वीचे अक्षांश-रेखांशाच्या अर्ध्या अंशाचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाची वही लिहायची: पाऊस किती पडला, वाफ किती झाली, मुरलं किती, नदीनं किती नेलं आणि माणसानं किती उपसलं. शेवटची नोंद सोडली तर वही खोटी ठरते, कारण जगात नद्या-विहिरींतून माणूस जे पाणी उचलतो त्यातलं साधारण ७० टक्के शेतीच घेते.

आपल्याकडे असा एक चौकोन अंदाजे ५५ बाय ५२ किलोमीटरचा, म्हणजे सरासरी तीन तालुक्यांएवढा. एवढ्या अंतरात काय काय बदलतं ते अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात बघा. घाटघर-रतनवाडीकडे चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस, आणि तिथून साठेक किलोमीटरवरच्या संगमनेरला पाचशेच्या आत-बाहेर. तेव्हा प्रारूपाला तुमची विहीर दिसत नाही. पण त्याची वही लिहायची रीत उचलण्यासारखी आहे.

मुरण्यापासून सुरुवात करू. आपला खडक बेसाल्टचा. भूजल मोजणीच्या सरकारी पद्धतीत झिजलेल्या बेसाल्टमध्ये पावसाच्या साधारण ७ टक्के आणि भेगाळ, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांच्या) खडकात १३ टक्क्यांच्या आसपास पाणी मुरतं असं धरतात. त्यात हवा तापत चाललीय. एका अंशानं तापलेली हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस सरींनी येण्याऐवजी कोसळतो. तासाभरात कोसळलेलं ओढ्यानं जातं, मुरत नाही. वर्षाची सरासरी गाठली म्हणून विहिरीची सरासरी गाठली असं समजू नका.

आता साठवण. या खडकात पाणी देण्याजोगी पोकळी जेमतेम दोन टक्के. एका एकराखालची पातळी एक मीटरनं उतरली की हाती येतं सुमारे ८० हजार लिटर, म्हणजे त्याच एकरावर २० मिलिमीटरचा थर. पाटानं दिलेली गव्हाच्या पाण्याची एक पाळी ६५ मिलिमीटर खाते. पाच पाळ्यांचे झाले ३२५. त्यासाठी तुमच्या एकराखालची पातळी सोळा मीटर उतरायला हवी, आणि आपल्या कित्येक विहिरी तेवढ्या खोलच नाहीत. पाटाचं थोडं परत मुरतं हे खरं, तरी एक एकर गहू आजूबाजूच्या तीन-चार एकरांचं पाणी पितो. शेजाऱ्यानंही गहूच केला असेल तर दोघांचं भांडण जमिनीखाली आधीच सुरू झालेलं असतं. आडवे बोअर मारून पाणी वाढत नाही, शेजारचं लवकर आपल्याकडे येतं एवढंच.

पंजाब-हरियाणाकडे गाळाची खोल जमीन आहे, तिची साठवण आपल्या कितीतरी पट. २००२ ते २००८ या काळात पंजाब, हरियाणा, दिल्ली आणि राजस्थानच्या पट्ट्यातून सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल कमी झाल्याचं ग्रेस उपग्रहांच्या जोडीनं गुरुत्वाकर्षणातल्या फरकावरून टिपलं. तिथं उधारी वर्षानुवर्षं चालली. आपल्याकडे ती फेब्रुवारीतच वसूल होते.

मोजायचं असं. मोटर बारा तास बंद ठेवा. दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर घ्या. मग उपसा करा, पुन्हा मोजा, मोटर बंद ठेवून बारा तासांनी परत मोजा. जेवढं चढलं ती आवक. गोल विहिरीचा व्यास फुटांत घ्या, त्याला त्यानंच गुणा, मग २२ नं गुणा: तेवढे लिटर एका फुटात. चोवीस फुटी विहिरीत एक फूट म्हणजे साधारण १२,७०० लिटर. एकरी गव्हाच्या एका पाळीला अशी वीस फूट विहीर लागते. बारा तासांत चार फूट आवक असेल तर दिवसरात्र धरूनही एक पाळी अडीच दिवसांच्या आवकेची. पण ही आवक ऑक्टोबरची आहे. जानेवारीत निम्मी आणि मार्चमध्ये पाव धरूनच पीक ठरवा. माझ्या विहिरीला हा अंदाज बहुधा लागू पडतो, तुमच्या झऱ्यांचं तुम्हाला जास्त ठाऊक.

हिशेब तोकडा निघाला तर हरभरा करा. पाणी दोनच लागतं, ३०-३५ आणि ६०-६५ दिवसांनी, आणि तेही हलकं. भारी जमिनीत जास्त दिलं तर हरभरा उधळतो आणि उभळतोही. गहू करायचाच असेल तर पेर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका आणि क्षेत्र निम्मं करा. एकच पाणी देता येणार असेल तर ४०-४२ दिवसांनी द्या. दोन असतील तर २०-२२ आणि ६०-६५ दिवसांनी. तीन असतील तर तिन्ही वेळा साधा. तुषार संच असेल तर पाळी हलकी बसते, वाऱ्याच्या दुपारी मात्र लावू नका. पेरलेल्या ज्वारीला एखादं संरक्षित पाणी पोटरीत (कणीस बाहेर पडायच्या आधी), ५०-५५ दिवसांच्या सुमाराला राखून ठेवा. उन्हाळी कांद्याचं रोप टाकलं असेल तर लागवडीचं क्षेत्र आजच्या पाण्यावर नको, जानेवारीतल्या मोजणीवर ठरवा.

हिवरे बाजारला पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरवतात. तुमच्या गावात ते जमेल तेव्हा जमेल. निदान एका ओढ्यावरच्या पाच-सहा विहिरवाल्यांनी एकाच दिवशी दोरी सोडा आणि आकडे एकाच कागदावर लिहा. लाईट रात्रपाळीची असेल तर सोयीचंच: दिवसभर मोटर तशीही बंद, संध्याकाळी लाईट यायच्या आधी मोजून घ्या.