रीबूट केल्याशिवाय ‘चालतंय’ म्हणू नका : सर्व्हर पॅनल डेबियन १३ वर नेताना

सर्व्हर ब्राउझरमधून सांभाळता यावा म्हणून आम्ही बनवलेलं पॅनल मी डेबियन १३ वर, म्हणजे डेबियन या लिनक्सच्या १३ व्या आवृत्तीवर, नेत होतो. पॅनलमधून व्हीपीएन (सर्व्हरमार्फत जाणारी सुरक्षित इंटरनेट जोडणी) सुरू केलं, फोन जोडला, इंटरनेट लगेच चालू झालं. यादीतल्या त्या कामापुढे खूण करून मी पुढच्या कामाला लागलो. दुसऱ्या दिवशी टेस्टिंगचं मशीन रीबूट केलं. फोन व्हीपीएनला जोडला जात होता, पण एकही पान उघडेना. लॉगमध्ये एरर नाही, सगळ्या सर्व्हिस हिरव्या.

कारण सापडायला अख्खी संध्याकाळ गेली. आयपी फॉरवर्डिंगची, म्हणजे फोनकडून आलेला डेटा सर्व्हरने पुढे इंटरनेटकडे पाठवण्याची, सेटिंग आमचं पॅनल ‘सिसकंट्रोल डॉट कॉन्फ’ या जुन्या ओळखीच्या फाइलमध्ये लिहायचं आणि तिथल्या तिथे लागू करायचं. डेबियन १३ मध्ये मशीन सुरू होताना सिस्टमडी (सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) ती फाइल वाचतच नाही. ‘डॉट डी’ने संपणाऱ्या फोल्डरमध्ये वेगळी फाइल ठेवली, तरच ती वाचली जाते. म्हणूनच कमांड देऊन लागू केलेली सेटिंग तेवढ्यापुरती चालली आणि रीबूटनंतर गेली. दुरुस्ती एका ओळीची निघाली. शिवाय ही गोष्ट रिलीज नोट्समध्ये, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं ते सांगणाऱ्या टिपणांत, स्पष्ट छापलेली होती.

तेव्हापासून मी कोड उघडण्याआधी रिलीज नोट्स वाचतो, आणि त्या वाचायची एक पद्धत ठरवली आहे. प्रत्येक परिच्छेदात फाइलचं, कमांडचं किंवा पॅकेजचं जे नाव येतं, ते उचलायचं आणि आपल्या कोडमध्ये ग्रेप करायचं, म्हणजे ‘ग्रेप’ कमांडने शोधायचं. सापडलं की नोंद, नाही सापडलं की पुढे. दोन तासांत कामाची खरी यादी हातात येते. नुसतं वाचून ‘आपल्याला काही लागू नाही’ असं वाटत राहतं, ग्रेप केलं की कळतं किती लागू आहे.

आमचं पॅनल लहान आहे. पायथनमध्ये लिहिलेलं, मुक्त परवान्याचं. वेबसाइट, मेल, बॅकअप आणि व्हीपीएन एका मशीनवर सांभाळणारं. ते वापरणाऱ्यांत छोट्या शाळा आहेत, दोन-तीन माणसांची ऑफिसं आहेत. त्यांच्याकडे पगारी सिस्टम अ‍ॅडमिन नसतो. डेबियनची १२ वी आवृत्ती जून २०२३ मध्ये आली, १३ वी ऑगस्ट २०२५ मध्ये. दर आवृत्तीला तीन वर्षं पूर्ण आधार आणि पुढे दोन वर्षं एलटीएस (मर्यादित दीर्घकालीन आधार) मिळतो, म्हणजे घाई नसते. पण नवीन मशीन घेणारा नवीच आवृत्ती टाकतो आणि पॅनल तिथे चालत नसेल तर तो आपल्याला सोडून जातो.

आरडाओरडा करणाऱ्या चुका सोप्या असतात. पायथन ३.११ वरून ३.१३ वर आलं आणि पॅनल सुरूच होईना, कारण पासवर्डचा हॅश (त्यावरून बनवलेली, उलट न उलगडणारी खूण) बनवणारं ‘क्रिप्ट’ मॉड्यूल ३.१३ मधून काढून टाकलं आहे. इथे नवीन माणूस इंटरनेटवरून एखादी लायब्ररी उचलून जोडतो. मी म्हणेन, आधी विचारा की हा हॅश आपण मुळात का बनवतोय? लिनक्स युजरचा पासवर्ड बदलायचा असेल तर तो ‘सीएचपासडब्ल्यूडी’ या पासवर्ड बदलणाऱ्या कमांडला स्टँडर्ड इनपुटवरून द्या, सिस्टम तिच्या धोरणाप्रमाणे हॅश करेल. मेलबॉक्सचा हवा असेल तर डव्हकॉट या मेल सर्व्हरची स्वतःची कमांड आहे. आमचा चाळीस ओळींचा कोड गेला आणि मला त्याचा फार आनंद झाला.

सगळ्यात जास्त वेळ मात्र डव्हकॉटनेच घेतला. डेबियन १२ मध्ये तो २.३ होता, १३ मध्ये २.४ आहे, आणि २.३ ची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल २.४ ला चालत नाही. आता ही फाइल कोणत्या आवृत्तीसाठी लिहिली आहे ते सुरुवातीलाच सांगावं लागतं. मेल कुठे ठेवायचा हे पूर्वी एका ओळीत लिहिलं जायचं. तिथे प्रकार आणि पत्ता अशा दोन वेगळ्या सेटिंग आल्या. टक्क्याच्या चिन्हापुढे एक अक्षर लिहून युजर किंवा डोमेन दाखवायची जुनी रीत गेली, महिरपी कंसात पूर्ण नाव लिहावं लागतं. सर्टिफिकेटच्या सेटिंगचं नावही बदललं.

पॅनल ही फाइल एका टेम्प्लेटवरून (साच्यावरून) बनवतं. पहिल्या प्रयत्नात मी जुन्या टेम्प्लेटमध्येच ‘आवृत्ती १३ असेल तर हे, नाहीतर ते’ अशा अटी घालत गेलो. अकराव्या अटीनंतर ती फाइल मलाच वाचता येईना. सगळं काढून दोन आवृत्त्यांना दोन स्वतंत्र फोल्डर केले. काही मजकूर दोनदा लिहिला जातो, हे मान्य. पण डेबियन १२ चा आधार संपेल त्या दिवशी एक फोल्डर उडवला की काम झालं.

चाचणी दोन मशीनवर करा: एक कोरं, दुसरं जुन्यावरून अपग्रेड केलेलं. हे मला १२ च्या वेळी समजलं. डेबियन १२ पासून आरसिसलॉग (नोंदी साध्या लॉग फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम) नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये येत नाही, नोंदी फक्त सिस्टमडीच्या जर्नलमध्ये राहतात. मी तपासलं ते मशीन ११ वरून आणलेलं होतं, त्यावर आरसिसलॉग आधीपासून होता, सगळं छान चाललं. कोऱ्या मशीनवर फेलटूबॅनला (वारंवार चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्यांना अडवणाऱ्या प्रोग्रॅमला) लॉगिनची लॉग फाइलच सापडली नाही आणि तो बंद पडला. पॅनल मात्र ‘इन्स्टॉल झालंय’ म्हणून हिरवा ठिपका दाखवत होतं. एका शाळेचा सर्व्हर आठवडाभर तसा उघडा होता. काही नुकसान झालं नाही, पण तो ठिपका आम्ही दाखवला होता, आणि ते मला अजून बोचतं. आता ठिपका सर्व्हिसची चालू स्थिती विचारूनच हिरवा होतो.

दुसरी अडचण जागेची. १३ मध्ये टीएमपी हा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर डिस्कवर नाही, मेमरीत (रॅममध्ये) असतो, मेमरीच्या निम्म्यापर्यंत. आमचा बॅकअप तिथेच झिप बनवायचा. दोन जीबी रॅमच्या मशीनवर तीन जीबीचा मेल तिथे कसा मावणार? बॅकअपची जागा आम्ही डिस्कवरच्या व्हीएआर फोल्डरखाली हलवली.

चाचणीच्या व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट (परत जाता येईल अशी जतन केलेली स्थिती) दर पायरीआधी घ्या. पॅच, म्हणजे कोडमधले बदल, छोटे पाठवा: सिसकंट्रोलचा वेगळा, क्रिप्टचा वेगळा. बदल तपासून स्वीकारणारा मेंटेनरही नोकरी सांभाळून रात्री वाचतो, त्याला एका बैठकीत तपासता येईल एवढंच एका वेळी द्या.

एका मुद्द्यावर आमच्यात बराच वाद झाला. अ‍ॅडमिनने डव्हकॉटची फाइल हाताने बदललेली असेल तर अपग्रेड स्क्रिप्टने काय करायचं? काहींचं म्हणणं, आपली नवी फाइल टाकून मोकळं व्हावं. शेवटी ठरलं ते असं: पॅनलने लिहिलेल्या प्रत्येक फाइलचा चेकसम (मजकूर बदलला की बदलणारा आकडा) आम्ही जपून ठेवतो. तो जुळला तरच फाइल बदलायची. नाही जुळला तर काहीही न बदलता स्क्रिप्ट थांबते आणि कोणत्या फाइलमध्ये कोणती ओळ वेगळी आहे, ते साध्या शब्दांत स्क्रीनवर सांगते.