दोन बँडमधली वीस मिनिटं

स्थानिक बँडच्या महोत्सवातून लोक उठून जातात ते बेसूर गाण्यामुळे नाही. बेसूर गाणं लोक कौतुकाने ऐकून घेतात, कारण गाणारा ओळखीचा असतो. उठतात ते एक बँड उतरल्यावर आणि दुसरा सुरू होण्याआधी. स्टेजवर चार-पाच जण वायरी हातात धरून एकमेकांकडे बघत असतात आणि स्पीकरमधून ‘हॅलो, चेक, चेक’ याखेरीज काही येत नाही. पूर्वी मी एका बँडमध्ये बास वाजवायचे, आता अशा कार्यक्रमांचं स्टेज सांभाळते. दोन्ही बाजूंनी बघून माझं मत पक्कं झालंय की महोत्सव रंगतो किंवा फसतो तो या मधल्या वेळात. म्हणून इथे बोलणार आहे ते फक्त त्याबद्दल. गाण्यांचं काय करायचं ते बँडवाले बघून घेतील.

आधी कागद

दोन-तीन आठवडे आधी प्रत्येक बँडकडून दोन गोष्टी मागा. एक, स्टेज प्लॉट: वरून बघितल्यासारखा साधा आराखडा, कोण कुठे उभं राहणार, वाद्याचा आवाज मोठा करणारा कुणाचा अ‍ॅम्प कुठे, प्लग पॉइंट कुठे हवेत. हाताने काढून फोनवर फोटो पाठवला तरी चालतो. दोन, इनपुट लिस्ट: मिक्सरमध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र करून स्पीकरला पाठवणाऱ्या यंत्रात, काय काय जाणार, ओळीने.

उत्तर बहुधा असं येतं: ‘आम्ही चौघं. दोन गिटार, बास, ड्रम्स.’ यातून काहीच कळत नाही. मग सरळ फोन करायचा.

‘गातं कोण?’
‘मी आणि बासवाला.’
‘ड्रमर?’
‘नाही ताई. म्हणजे, शेवटच्या गाण्यात कोरस देतो.’

त्या ‘म्हणजे’मध्ये एक माईक, एक आडव्या दांड्याचा बूम स्टँड, एक वायर आणि ड्रमरसाठी वेगळा मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर, दडलेला असतो. फोन केला नसता तर हे सगळं ऐन वेळी, प्रेक्षकांसमोर, शेवटच्या गाण्याच्या आधी कळलं असतं. असेच आणखी काही प्रश्न आहेत: अकूस्टिक गिटारला पिकअप (आवाज थेट वायरीत देणारा भाग) आहे की माईक लावायचा? कीबोर्ड मोनो की स्टिरिओ? लॅपटॉपवरून ट्रॅक वाजणार असतील तर क्लिक, म्हणजे ताल धरायची टिकटिक, कुणाच्या कानात जायचा? ड्रमर डावखुरा आहे का? हा शेवटचा प्रश्न हमखास विसरला जातो, आणि अख्खा ड्रम सेट उलटा मांडायला दहा मिनिटं सहज जातात. डावखुरा ड्रमर असेल तर त्याचा बँड पहिला ठेवा किंवा शेवटचा, म्हणजे सेट एकदाच फिरवावा लागेल.

सामान एकच, सगळ्यांचं

ड्रम सेट आणि बास अ‍ॅम्प सगळ्यांनी सामाईक वापरायचा. यावर वाद घालू देऊ नका. ड्रमरने स्वतःचं आणायचं ते स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), झांजा, किकचं म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं पेडल आणि काड्या. बाकीचं सगळं स्टेजवरच राहणार. ‘मला माझ्याच टॉमची (सेटमधल्या मधल्या ड्रमची) सवय आहे’ म्हणणारा एखादा निघतोच. त्याला प्रेमाने सांगायचं की त्याच्या टॉमसाठी पुढच्या बँडची दोन गाणी कापावी लागतील, मग तो ऐकतो. गिटारवाल्यांनी स्वतःचे अ‍ॅम्प आणले तर चालतील, पण आकाराने लहान. आणि गिटारचा आवाज बदलणारी पेडल खोक्यातून सुटी काढून स्टेजवर जोडत बसायची नाहीत. ती फळीवर आधीच जोडून आणायची.

ड्रमखाली साधारण दोन मीटर बाय दोन मीटरचा गालिचा लागतोच, नाहीतर किक ड्रम पुढे सरकत राहतो. गालिच्यावर स्टूल आणि स्टँडच्या पायांच्या खुणा रंगीत टेपने करून ठेवा. प्रत्येक ड्रमरचा टेप वेगळ्या रंगाचा.

बास अ‍ॅम्प ड्रमच्या शेजारी, हाय-हॅटच्या (पायाने मिटायच्या जोडझांजेच्या) बाजूला ठेवा. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. दहा मीटर रुंद स्टेजच्या दोन टोकांना बास आणि ड्रम ठेवले की एकाचा ठोका दुसऱ्याला ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि मग चांगले वाजवणारेही एकमेकांना ओढत राहतात. मोठ्या स्टेजवर पसरून उभं राहायचा मोह नवख्या बँडना फार असतो. त्यांना जवळ आणा.

क्रम मानावर नको, मांडणीवर ठरवा

सहा बँड, प्रत्येकी ३० मिनिटं, मध्ये २० मिनिटं. हिशेब होतो २८० मिनिटांचा, म्हणजे ४ तास ४० मिनिटं. प्रत्येक अदलाबदलीला आठ मिनिटं जास्त लागली तर पाच वेळांत चाळीस मिनिटं गेली, म्हणजे शेवटच्या बँडची पूर्ण तीस मिनिटंच गेली. आवाज बंद करायची वेळ ठरलेली असते, ती कुणासाठी पुढे सरकत नाही.

म्हणून मोठ्या मांडणीच्या दोन बँडना कधी लागोपाठ ठेवू नका. सात जणांच्या बँडनंतर दोघांचा अकूस्टिक जोड आला की ते स्टेजच्या पुढच्या कडेला बसून वाजवतात, आणि मागे पुढच्या बँडची मांडणी शांतपणे होते. ही युक्ती इतकी उपयोगी आहे की असा जोड नसेल तर मी मुद्दाम शोधते.

साउंड चेक उलटा

ज्याला शेवटी वाजवायचंय त्याचा साउंड चेक (कार्यक्रमाआधी वाजवून आवाज जुळवणं) सर्वांत आधी, आणि पहिल्याचा सर्वांत शेवटी. म्हणजे कार्यक्रम सुरू होताना पहिल्या बँडची मांडणी स्टेजवर तयारच असते. मिक्सर डिजिटल असेल तर प्रत्येकाचा सीन, म्हणजे बटणांची जुळवणी, त्याच्या नावाने सेव्ह करा. अ‍ॅनालॉग असेल तर बटणांचे फोटो काढून ठेवा.

सगळ्यांना पूर्ण साउंड चेक देण्याइतका वेळ क्वचितच असतो. मग उरलेल्यांचा फक्त लाइन चेक: प्रत्येक चॅनलवर आवाज येतोय का, एवढंच. तो पटकन व्हायचा तर चॅनलचे नंबर दिवसभर बदलायचे नाहीत. माझी मांडणी अशी असते: १ किक, २ स्नेअर, ३ हाय-हॅट, ४-५ टॉम, ६-७ ओव्हरहेड (ड्रमच्या वरचे माईक), ८ बास, ९-१० गिटार, ११-१२ कीबोर्ड किंवा लॅपटॉप, १३ ते १६ गायचे माईक. एखाद्याकडे कीबोर्ड नसेल तर ११ आणि १२ रिकामे राहतील. रिकामे चॅनल बघून साउंडवाल्याचे हात शिवशिवतात, पण तिथे दुसरं काही घुसवू देऊ नका. अंधारात, घाईत, ‘गाण्याचा माईक तेरावर’ हे डोळे मिटून माहीत असलं पाहिजे.

ती वीस मिनिटं

शेवटचा सूर विरला की पहिली हाक साउंडवाल्याला: सगळं म्यूट. त्याने अंगठा दाखवेपर्यंत कुणीही एकही वायर काढायची नाही. चालू चॅनलची गिटार उपसली की स्पीकरमधून जो धडाका होतो त्याने पुढे बसलेलं लहान पोर रडायला लागतं आणि स्पीकरचंही भलं होत नाही. ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माईकला त्याच्याच वायरीतून मिळणारी वीज) चालू असलेल्या चॅनलचं तर विचारूच नका.

मग दोन टोळ्या. उतरणारे एका बाजूने, चढणारे दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये गाठभेट नाही. मित्र असतात, मिठ्या मारतात, फोटो काढतात, हे सगळं खाली. झांजांचे स्क्रू सोडणं, गिटार पिशवीत भरणं, वायर गुंडाळणं हेही खालीच. स्टेजवरून वस्तू जशी आहे तशी उचलायची. पुढच्या ड्रमरने आपल्या झांजा स्टँडवर चढवूनच बाजूला तयार ठेवायच्या.

पाचव्या मिनिटाला स्टेज मोकळं. दहाव्याला नवं सामान जागेवर आणि जोडलेलं. बाराव्याला लाइन चेक सुरू: मी चॅनलच्या क्रमाने नाव पुकारते, फक्त तोच वाजवतो, बाकीचे हात वर. ‘बाकीचे हात वर’ हे गंमत म्हणून सांगत नाही. गिटारवाल्याचे हात मोकळे राहिले की ड्रमरचा किक तपासताना तो आपली आवडती लीड वाजवतोच. सोळा चॅनल असे चार मिनिटांत होतात. उरलेल्या वेळात अर्धं गाणं, तेही सगळ्यांत दणदणीत भाग, मॉनिटर जुळवायला.

हे चालू असताना निवेदकाला मोकळं सोडू नका. त्याच्या हातात एक वेगळा माईक, उतरलेल्या बँडबद्दल दोन वाक्यं, येणाऱ्याबद्दल चार, आणि मध्ये हळू आवाजात रेकॉर्डेड संगीत. लाइन चेकच्या वेळी मात्र तो गप्प.

मॉनिटर आणि शिट्टी

‘मला माझा आवाज ऐकू येत नाही’ ही तक्रार प्रत्येक बँडची असते. त्यावर आवाज वाढवत गेलं की माईक शिट्टी मारायला लागतो. आधी माईकचा प्रकार बघा. शुअरचा एसएम ५८, जो १९६६ पासून जवळजवळ प्रत्येक स्टेजवर दिसतो, तो कार्डिऑइड आहे, म्हणजे बरोब्बर पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. त्याला मॉनिटर समोर, सरळ रेषेत ठेवायचा. सुपरकार्डिऑइड माईकचा बहिरा कोन सुमारे १२५ अंशांवर असतो, म्हणून तिथे मॉनिटर थोडा बाजूला किंवा दोन्ही बाजूंना एकेक. आणि माईकची जाळी मुठीत धरून गाणाऱ्याला आधीच सांगा: मूठ आवळली की माईकची दिशा ओळखायची क्षमताच जाते, आणि शिट्टी ठरलेली.

दुसरा उपाय वाढवण्यात नसून कमी करण्यात आहे. गिटारचा अ‍ॅम्प जमिनीवर असतो आणि वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांना ऐकवत असतो, म्हणून तो आवाज चढवत राहतो. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे तिरका टेकवा, कानाकडे तोंड करून. तो स्वतःच आवाज उतरवतो. हे करून बघितल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही.

वीज

यात गंमत नाही. दिवे आणि साउंड वेगवेगळ्या सर्किटवर हवेत, नाहीतर दिवे मंद-तेज करताना स्पीकर गुरगुरतो. वायरची रीळ अर्धवट गुंडाळलेली ठेवून तिच्यावर लोड टाकू नका, आतली वेटोळी तापून वितळतात. पूर्ण उलगडा. गिटारची साधी वायर पाच-सहा मीटरपेक्षा लांब नको, त्यापुढे डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल लांब वायरीतून न्यायजोगा करणारा डबा. गुणगुण आली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. पण प्लगची अर्थिंगची पिन काढायची किंवा तिच्यावर टेप लावायचा सल्ला कुणी दिला, आणि देणारा हटकून कुणीतरी अनुभवी असतो, तर त्याला स्टेजवरून खाली उतरवा. एका हातात गिटारची तार आणि ओठांना धातूचा माईक, अशा माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे. पाऊस आला की आधी वीज बंद, मग ताडपत्री. क्रम उलटा नाही.

किती मोठा आवाज

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मर्यादा सुचवली: १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या पुढे नको. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात, तेव्हा तेच पाळा. मिक्सरजवळ मीटर ठेवा आणि तो साउंडवाल्याला सतत दिसू द्या. ३ डेसिबलची वाढ दिसायला किरकोळ, पण ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे कानांना तेवढाच मार अर्ध्या वेळात बसतो. स्पीकरच्या पुढचे काही मीटर दोरी लावून मोकळे ठेवा, पोरं नेमकी तिथेच नाचायला येतात.

थांबवायचं कसं

बँडला सुरू करणं सोपं, थांबवणं कठीण. स्टेजच्या पुढच्या कडेला त्यांना दिसेल असं घड्याळ ठेवा. सेटलिस्टवर, म्हणजे गाण्यांच्या यादीवर, त्यांच्याकडूनच आधी एका गाण्यावर खूण करून घ्या: वेळ कमी पडला तर हे गाळायचं. ऐन वेळी मी ठरवलं तर भांडण, त्यांनी ठरवलेलं असलं की नुसतं बोट दाखवलं तरी पुरतं. दहा मिनिटं उरली की दोन्ही पंजे, पाच उरली की एक, आणि मूठ म्हणजे हे शेवटचं. ‘वन्स मोअर’ फक्त शेवटच्या बँडला, तोही घड्याळात जागा असेल तरच. पहिल्या बँडचे सगळे नातेवाईक पुढच्या रांगेत असतात आणि ओरडतात, त्यांच्याकडे बघून हसायचं आणि म्यूटची खूण करायची.

माझ्या पायाशी दिवसभर एक पेटी असते: काळा कापडी टेप, मार्कर, टॉर्च, ड्रमची चावी, ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, पेडलचा अ‍ॅडॉप्टर, गिटारच्या तारांचे दोन संच, जास्तीच्या दोन माईक वायरी, एक कॅपो (गिटारच्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा), कानात घालायचे बोळे. अ‍ॅडॉप्टर घेताना ९ व्होल्ट आणि मधली पिन ऋण असलेला घ्या, बहुतेक पेडलना तोच लागतो. प्रत्येक वस्तूवर टेप लावून नाव लिहा आणि उसनी दिली की घेणाऱ्याचं नाव पेटीच्या झाकणावर. ड्रमची चावी तरीही परत येत नाही, म्हणून दोन ठेवा.