अपंग व्यक्तीची बातमी लिहिताना

'अपंगत्वावर मात' हे शब्द मथळ्यात आले, की खरी बातमी बहुतेक वेळा मथळ्याबाहेर राहते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी गोळाफेकीच्या एफ४६ गटात १६.३२ मीटर फेक करून रौप्यपदक मिळवलं. तो आशियाई विक्रम होता. यात मात झाली ती इतर स्पर्धकांवर. त्यांचा अपंग हात आधी होता तसाच आहे. म्हणून मथळ्यात पदक आणि अंतर द्या. एफ४६ म्हणजे हाताचं अपंगत्व असलेल्या खेळाडूंचा गट, एवढं एका वाक्यात सांगा आणि पुढे इतर कुठल्याही खेळाडूला विचाराल तेच विचारा: प्रशिक्षक कोण, सराव कुठे, पुढची स्पर्धा कोणती.

शब्दांचं म्हणाल तर सरकारी कागदावर 'दिव्यांग' आहे, पण अपंग हक्कांच्या चळवळीतल्या अनेकांना तो शब्द नको असतो. कोणता शब्द चालेल ते समोरच्याला विचारा आणि तोच वापरा. 'मूकबधिर' सरसकट लिहू नका. 'कर्णबधिर' लिहा, कारण सांकेतिक भाषा बोलणारा माणूस मूक नसतो. उपचार पूर्ण झालेल्याला 'कुष्ठरोगी' म्हणणं सरळ चूक आहे, तो 'कुष्ठरोगमुक्त'. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाईत त्यांची गल्लत हमखास होते. 'ग्रस्त', 'पीडित' अशा अर्थाचे शब्द टाळावेत, असं सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२४ च्या निकालात दृश्य माध्यमांबाबत सांगितलं आहे. 'आंधळा कारभार', 'बहिरं प्रशासन' हेही सोडा. कारभार बेपर्वा असेल तर बेपर्वा लिहा.

सगळ्यात जास्त बिघडते ती व्हीलचेअरसारख्या साहित्याच्या वाटपाची बातमी. मध्ये पाहुणे, मागे बॅनर, पुढे चाकांच्या खुर्चीत बसवलेला माणूस, आणि खाली नावं फक्त पाहुण्यांची. त्या खुर्चीकडे नीट पाहा. पाय पायपट्टीवर टेकलेत की लोंबकळताहेत? बैठक इतकी रुंद आहे का, की माणूस एका बाजूला कलला आहे? माप न घेता सगळ्यांना एकाच आकाराच्या खुर्च्या दिल्या की असं होतं, आणि पुढे पाठ दुखते, बसून बसून जखमा होतात. म्हणून चार प्रश्न विचाराच: अर्ज किती आले, खुर्च्या किती मिळाल्या, माप कोणी घेतलं, बिघडली तर दुरुस्ती कुठे? पाचवा प्रश्न ग्रामपंचायतीला किंवा पालिकेला: उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो, तो यंदा किती खर्च झाला? खरी बातमी बहुधा या उत्तरात सापडते.

मुलाखत त्या व्यक्तीचीच घ्या. आई, भाऊ, संस्थाचालक नंतर. दुभाषी असेल तरी नजर कर्णबधिर व्यक्तीकडे ठेवा आणि 'त्यांना विचारा' असं न म्हणता थेट प्रश्न विचारा. अंध व्यक्तीशी बोलताना आधी नाव सांगा, उठून जातानाही सांगा. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. वरून घेतलेल्या फोटोत कोणीही केविलवाणं दिसतं. फक्त पायांचा किंवा कुबडीचा फोटो घेऊ नका. न विचारता व्हीलचेअर ढकलू नका, हलवू नका. ती त्या माणसाच्या शरीराचाच भाग समजा. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा फोटो छापताना क्रमांक झाका.

लैंगिक अत्याचाराच्या बातमीत जास्तच जपा. नाव वगळलं, पण गाव, विशेष शाळा आणि अपंगत्वाचा प्रकार दिला, तर छोट्या गावात ओळख त्याच दिवशी फुटते. नाव लपवण्यामागचा कायद्याचा हेतूच मग वाया जातो.

बातमी वेबसाइटवर चढवताना मजकुराचं चित्र टाकू नका. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, चित्रातली अक्षरं सहसा वाचत नाही. फोटोला एक-दोन वाक्यांचं वर्णन जोडा: कोण, कुठे, काय करतंय. व्हिडिओला मराठी उपशीर्षकं द्या, आणि आपोआप तयार झालेली असतील तर नावं आणि आकडे एकदा स्वतः तपासून दुरुस्त करा.