वर्गाबाहेरचा तास फसतोय? या चुका टाळा

‘मैदानावर नेलं की पोरं ऐकतच नाहीत,’ ही तक्रार प्राथमिक शाळेत नेहमीची. पोरांचा दोष क्वचितच असतो. ‘झाडं बघा रे’ एवढंच सांगून सोडलं, तर चाळीस मुलं पकडापकडीच खेळणार.

आधी जागा लहान करा. चार-पाच जणांच्या गटाला दोन-तीन हात सुतळी द्या, तिचं वेटोळं जमिनीवर टाकू द्या आणि आत काय काय सापडतं ते लिहायला सांगा. दुर्वा, मुंग्यांचं बीळ, कुजकं पान, कुणाच्या तरी पेन्सिलीचं टोक. अर्धी तासिका कमी पडते.

नाव सांगायची घाई नको. ‘हा आघाडा’ म्हटलं की मूल वहीत लिहून मोकळं. त्यापेक्षा पावसाळा सरल्यावर मोज्यांना चिकटलेलं त्याचं बी सोडवायला लावा आणि ते कपड्याला कशानं धरून बसलंय ते भिंगातून बघू द्या. बिया कशा पसरतात ते वेगळं शिकवावं लागत नाही.

सावलीचा प्रयोग तर हमखास बिघडतो. ‘दुपारी बाराला सावली सगळ्यांत लहान’ हे पाठ असतं. काठी रोवून मोजायला गेलं तर बारानंतरही सावली आखडतच राहते आणि गुरुजी घड्याळाला नावं ठेवतात. घड्याळ बरोबरच असतं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, पुणे ७४ अंशांच्या जवळ, आणि एक अंश ओलांडायला सूर्याला ४ मिनिटं लागतात. म्हणजे आपली खरी मध्यान्ह, सूर्य सगळ्यांत उंच असतो ती वेळ, सरासरी ३५ मिनिटं उशिरा. त्यात ऋतूनुसार पाव तास इकडेतिकडे: पुण्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२०च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला १२:५०च्या. म्हणून साडेअकरा ते एक, दर दहा मिनिटांनी खूण करा. खिचडीची वेळ मध्ये येते, तेव्हा पाळ्या लावा. उत्तर मात्र आधी फोडू नका!

हे सगळं शहरी शाळांचं फॅड वाटत असेल, तर बालशिक्षणाचं काम उभारणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली होती, हे आठवा. तिथे शाळाच कुरणावर गेली.

आदल्या दिवशी स्वतः चक्कर मारायला विसरू नका. रुईचा चीक डोळ्यात गेला तर प्रकरण दवाखान्यात जातं, खाजकुयलीच्या शेंगा असतील तर तो कोपरा वर्ज्यच. पावसाळ्यात दगड उलटायचे ते शिक्षकांनीच, काठीनं. आणि कपडे मळणार हा निरोप पालकांना आधीच धाडा, म्हणजे संध्याकाळचे फोन वाचतात.